‘स्मेल’च्या समानार्थी शब्दांचे पत्ते: कामाच्या नोंदी

४ जून

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी समानार्थी शब्दांचे पत्ते (कार्डं) तयार करायचे आहेत. एका पत्त्यावर एक शब्द, आणि तो वाचून एवढं कळलं पाहिजे की हा शब्द कुठे चालतो आणि कुठे चालत नाही. पहिला गट ‘स्मेल’चा घेतला. मराठी माणसाला वासातले बारकावे शिकवावे लागत नाहीत. कुबट, आंबूस, करपट, उग्र, कोंदट या शब्दांची आपण कधी अदलाबदल करत नाही. म्हणजे कान तयार आहे, फक्त तो इंग्रजी शब्दांकडे वळवायचा आहे.

गोळा केलेले शब्द: स्मेल, ओडर, सेंट, अरोमा, फ्रेग्रन्स, परफ्यूम, बुके, स्टेंच, स्टिंक, रीक, व्हिफ, पाँग. सामान म्हणजे जाड कागद, पेन आणि फुकट वापरता येणारे ऑनलाइन कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचे मोठे संग्रह. पैसा जवळजवळ लागत नाही. खर्च होतो तो वेळ, आणि तो कुठे कुठे वाया गेला ते खाली लिहीत जाईन.

६ जून

सुरुवात थिसॉरसपासून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशापासून, केली. शब्द जमवायला उत्तम, फरक समजायला निरुपयोगी. ही थिसॉरसची उणीव नव्हे, त्याचं कामच ते नाही. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच स्पष्ट केलं होतं की जवळच्या अर्थाच्या शब्दांमधला फरक सांगणं हा अभ्यासाचा वेगळा प्रांत आहे आणि आपण त्यात शिरत नाही. ज्याला शब्द आठवत नाही, पण दिसला की ओळखता येतो, त्याच्यासाठी तो कोश होता. आपला विद्यार्थी नेमका उलट्या जागी उभा आहे: शब्द समोर दिसतो, पण ओळखीचा नाही. हे काम करणाऱ्या कुणीही विद्यार्थ्याच्या हातात नुसती थिसॉरसची यादी देऊ नये. बाराही शब्द एकमेकांच्या जागी चालतात असाच तो अर्थ घेईल.

फरक सांगण्याचे प्रयत्न रॉजेच्या आधीच झाले होते. हेस्टर पिओझी यांचं पुस्तक १७९४ चं, जॉर्ज क्रॅब यांचं १८१६ चं. त्या काळची वाक्यं आजच्या विद्यार्थ्याला देता येत नाहीत, पण त्यांच्या कामाची पद्धत मला उपयोगी पडली: दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि एक चालेल, दुसरा अडेल असं वाक्य शोधायचं.

९ जून

पहिला संच फसला.

प्रत्येक पत्त्यावर शब्दकोशातली व्याख्या उतरवली होती. अरोमा म्हणजे सुखद वास. फ्रेग्रन्स म्हणजे सुखद, गोड वास. सेंट म्हणजे सुखद वास. पत्ते वाचून विद्यार्थ्यांना वाक्यं लिहायला सांगितली. ‘माय फ्रेंड हॅज अ गुड ओडर’, ‘द अरोमा ऑफ हर सोप’, ‘द डॉग फॉलोड द फ्रेग्रन्स’ अशी वाक्यं आली. प्रत्येक वाक्य त्या त्या पत्त्यावरच्या व्याख्येला धरून होतं आणि तरीही प्रत्येक कानाला खटकत होतं. म्हणजे विद्यार्थी बरोबर वागले होते, पत्ता चुकीचा होता.

व्याख्या एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने सांगते. समानार्थी गटात तो दुसरा शब्द बहुतेक वेळा ‘स्मेल’च असतो, त्यामुळे सगळे फिरून एकाच जागी येतात. व्याख्या पत्त्यांवरून काढून टाकल्या.

१२ जून

दुसरी कल्पना: एक रेघ ओढायची. एका टोकाला सर्वांत सुखद, दुसऱ्या टोकाला सर्वांत किळसवाणा वास, आणि मधे शब्द मांडायचे. फ्रेग्रन्स एका टोकाला आणि स्टेंच दुसऱ्या टोकाला बसवायला काही अडचण आली नाही. मधे मात्र सगळं घसरायला लागलं.

सेंट सुखद बाजूला ठेवावा, तर शिकारी कुत्रे ज्या सेंटच्या मागे धावतात त्यात सुखद काय? ओडर मधोमध ठेवावा, तर ‘बॉडी ओडर’ म्हणजे घामाचा नकोसा वास. व्हिफ तर चांगल्या वासाचाही असतो आणि वाईटाचाही. त्याचा मुद्दा चांगलं-वाईट हा नाहीच, किती वेळ हा आहे. आला आणि गेला, तो व्हिफ.

शिवाय स्मेल कुठे बसवायचा? नाम म्हणून तो तटस्थ आहे. ‘अ नाइस स्मेल’ चालतं, ‘अ हॉरिबल स्मेल’ही चालतं. पण क्रियापद एकटं सोडलं की तो लगेच वाईटाकडे जातो. ‘द रूम स्मेल्स’ म्हणजे खोलीला घाण वास येतोय. चांगलं म्हणायचं असेल तर पुढे ‘नाइस’ किंवा ‘ऑफ लेमन’ जोडावंच लागतं. एकाने कौतुकाने ‘यू स्मेल’ एवढंच लिहिलं होतं. इंग्रजीत तो अपमान झाला असता.

हे समजावायला मात्र एक क्षणही लागला नाही, कारण मराठी अगदी तसंच वागते. ‘दुधाला वास येतोय’ म्हटलं की दूध नासलंय हे कुणालाही सांगावं लागत नाही. ‘वास’ हा शब्द तटस्थ, पण ‘वास येतोय’ हे वाक्य तक्रारीचं. विद्यार्थ्यांना एवढं एक वाक्य दाखवलं आणि पत्ता झाला. आतापर्यंतचा सर्वांत पक्का पत्ता हाच आहे. आपल्या भाषेत जे आधीच घडतं ते दाखवून देणं हा सर्वांत जवळचा रस्ता, पण तो प्रत्येक शब्दाला मिळत नाही (२४ जूनची नोंद पाहा).

रेघ टाकून दिली.

१३ जून

कालच्या कामातून हे सुचलं: नाम आणि क्रियापद वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

इंग्रजीत ऐकण्यासाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत. मुद्दाम कान दिला तर ‘लिसन’, आपोआप कानावर पडलं तर ‘हिअर’, आणि आवाज ज्याचा आहे त्याच्या बाजूने बोलायचं तर ‘साउंड’. वासाच्या बाबतीत या तिन्ही कामांना एकच ‘स्मेल’ जुंपलेला आहे. ‘शी स्मेल्ड द मिल्क’ म्हणजे तिने दूध हुंगून पाहिलं, किंवा तिला दुधाचा वास आला. ‘द मिल्क स्मेल्ड’ म्हणजे दुधालाच वास येत होता. ओके व्हिबर्ग या भाषाभ्यासकाने १९८३ साली वेगवेगळ्या भाषांतली अशी इंद्रियांची क्रियापदं तपासून याच तीन भूमिका वेगळ्या मांडल्या होत्या. पत्त्यांसाठी मी तेवढीच चौकट उचलली.

मराठीत ‘वास घेणे’ वेगळं आहे, पण ‘वास येणे’ पुन्हा दोन्हीकडे चालतं. ‘मला वास येतोय’ आणि ‘दुधाला वास येतोय’, दोन्हीकडे ‘ला’ हाच प्रत्यय. एकात नाक माझं, दुसऱ्यात वास दुधाचा. म्हणूनच ‘आय स्मेल’ लिहिताना विद्यार्थी अडखळतात. त्यांना ‘मला वास येतोय’ म्हणायचं असतं आणि वाक्य ‘माझ्या अंगाला वास येतोय’ असं होऊन बसतं. पत्त्यावर उपाय लिहिला: नाक आपलं असेल तर कशाचा वास ते सांगा आणि ‘कॅन’ वापरा. ‘आय कॅन स्मेल स्मोक.’

या चौकटीत बाकीचे शब्द ठेवून पाहिले तर पुष्कळ गोंधळ आपोआप मिटला. स्टिंक आणि रीक ही वास मारणाऱ्या वस्तूची क्रियापदं. नाकाच्या बाजूने ती चालत नाहीत. स्टेंच, ओडर, अरोमा आणि फ्रेग्रन्स ही फक्त नामं. ‘इट स्टेंचेस’ असं काही नसतं. सेंट क्रियापद होतो आणि कुत्र्याच्या बाजूने चालतो: ‘द डॉग सेंटेड अ रॅबिट.’ आता प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात एक खूण आहे: नाक, वस्तू, किंवा फक्त नाम.

१७ जून

आता कॉर्पस. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं सुमारे १० कोटी शब्दांचं ब्रिटिश इंग्रजी आहे, त्यातलं ९० टक्के लिखित आणि १० टक्के बोली. त्यात एकेक शब्द घालायचा आणि त्याच्या आगेमागे काय येतं ते वाचत बसायचं. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हेच सांगितलं होतं: शब्द ओळखायचा तर त्याची संगत पाहा.

हे काम कंटाळवाणं आहे आणि इथे घाई करता येत नाही. सुरुवातीला मी नुसते आकडे पाहत होतो, कोणता शेजारी किती वेळा येतो ते. त्यातून काही हाती लागलं नाही. पूर्ण वाक्यं वाचायला लागलो तेव्हा शब्द उलगडायला लागले.

ओडर: शेजारी ‘अनप्लेझंट’, ‘फाउल’, ‘ऑफेन्सिव्ह’, ‘बॉडी’. मुळात हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला तटस्थ, औपचारिक शब्द. ‘ओडरलेस’ हे शास्त्रीय विशेषण अजूनही पूर्ण तटस्थ आहे. कार्बन मोनॉक्साइड ओडरलेस असतो म्हणूनच तो जास्त घातक. पण नाम म्हणून ओडर इतकी वर्षं सांडपाणी, घाम आणि कारखान्यांच्या तक्रारींच्या शेजारी बांधलेला आहे की ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. फुलाचा ओडर म्हटलं तर व्याकरण बरोबर, पण वाक्य प्रयोगशाळेतलं वाटतं.

इथे एक नेमकं उदाहरण मिळालं. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. तांत्रिक कागदपत्रांत अशा पदार्थाला ‘ओडरंट’ म्हणतात. पण लोकांना दिलेल्या सूचनेत ‘इफ यू स्मेल गॅस’ असंच छापतात. वायू तोच, वास तोच. वाचणारा बदलला म्हणून शब्द बदलला. ओडरच्या पत्त्यावर मी ही दोन वाक्यं जशीच्या तशी ठेवली आहेत आणि एका शब्दाचंही स्पष्टीकरण दिलेलं नाही. विद्यार्थ्यांना ते लागलंच नाही.

अरोमा: कॉफी, मसाले, ताजा पाव, म्हणजे तोंडाला पाणी सुटेल असं काही. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थच मसाल्याची वनस्पती असा होता. साबणाला अरोमा म्हटलं की साबण खाण्याचा वाटायला लागतो. रसायनशास्त्रातले ‘अरोमॅटिक’ पदार्थ या गटात घेऊ नयेत. बेंझीनसारख्या पदार्थांना एकोणिसाव्या शतकात वासावरून ते नाव पडलं, पण आज त्याचा संबंध रेणूच्या रचनेशी आहे.

फ्रेग्रन्स: फुलं, बाग, सौंदर्यप्रसाधनं. हवेत पसरलेला, गोड, हलका. खाण्याच्या पदार्थांजवळ क्वचित.

बुके: वाइनपुरता. चाखणारे लोक द्राक्षाच्या मूळ वासाला अरोमा म्हणतात आणि वाइन मुरल्यावर तयार होणाऱ्या वासाला बुके. सुंदर फरक आहे, पण आपल्या विद्यार्थ्याला तो कधी लागणार? पत्ता बाद केला. पाँगही बाद: ब्रिटिश बोलीतला, घरगुती शब्द, ऐकून समजला तरी पुरे.

२१ जून

सेंट हा पत्ता सर्वांत जड गेला.

एक अडचण मराठीतूनच येते. आपण ‘सेंट मारलं’ म्हणतो तेव्हा बाटलीतलं अत्तर म्हणत असतो. ब्रिटिश इंग्रजीतही तो अर्थ आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला हा शब्द येतोच असं वाटतं आणि तो पत्ता वाचतच नाही. मग ‘द हाउंड्स लॉस्ट द सेंट’ वाचून कुत्र्यांची अत्तराची बाटली हरवली असा अर्थ निघतो.

दुसरी अडचण शब्दाच्या आतली. फुलाचा हलका वास, प्राण्याने मागे ठेवलेला वास, अत्तर, आणि ‘ऑन द सेंट’ म्हणजे तपासाच्या योग्य दिशेवर असणं. या चारांत समान काय? पुष्कळ वाक्यं वाचल्यावर वाटलं की सेंट नेहमी कुणाचा तरी असतो. तो ज्याचा आहे त्याची ओळख त्यात असते. अरोमा स्वयंपाकघर भरून टाकतो. सेंट मात्र एका फुलाचा, एका प्राण्याचा, एका माणसाचा असतो, आणि नाक त्या वासावरून त्याच्यापर्यंत पोहोचू शकतं. आई जवळून गेली तर बाळ ओळखतं तो सेंट. हा शब्द फ्रेंच ‘साँतिर’वरून आला, म्हणजे जाणवणे, आणि स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा ‘सी’ सतराव्या शतकात विनाकारण चिकटला.

पत्त्यावर शेवटी एकच प्रश्न ठेवला: ‘या वासावरून तुम्ही कुणाला तरी ओळखू शकाल का?’ उत्तर हो असेल तर सेंट. प्रत्येक वाक्याला हा प्रश्न लागू पडत नाही हे मला माहीत आहे. पण जिथे लागू पडतो तिथे विद्यार्थी अचूक शब्द निवडतात, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

२४ जून

प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द जोडायचा प्रयत्न केला. अर्धा जमला, अर्धा सोडून दिला.

जमलेले: रीकला ‘भपकारा’. दारूचा भपकारा, सिगरेटचा भपकारा. नकोसा, जोरदार, तोंडावर येणारा. यापेक्षा जवळचा शब्द मिळणार नाही. व्हिफला ‘झुळूक’. प्राण्याच्या सेंटला ‘माग’. अरोमाला बऱ्याच ठिकाणी ‘खमंग वास’, जरी खमंगमध्ये भाजण्या-तळण्याची सूचना आहे जी कॉफीपर्यंत पोहोचते आणि पुदिन्यापर्यंत नाही.

न जमलेले: फ्रेग्रन्स, परफ्यूम आणि अत्तराचा सेंट, तिघांनाही ‘सुगंध’ चिकटतो. स्टेंच आणि स्टिंक दोघांना ‘दुर्गंधी’. इथे मराठी शब्द दिला तर विद्यार्थी फरक विसरतो, कारण आपल्या मनात तो एकच शब्द आहे. उलट दिशेनेही तेच. परिमळ, दरवळ, घमघमाट यांतला फरक इंग्रजीत एका शब्दात येत नाही. दरवळ हळूहळू पसरतो, घमघमाट घर भरून टाकतो. ज्या पत्त्यावर मराठी शब्द नेमका बसत नाही तिथे जागा रिकामी ठेवली. ती भरण्याचा मोह होतो, पण भरली की पत्ता बिघडतो.

२८ जून

वास नसलेल्या जागचे वापर. या नोंदीची मला सुरुवातीला गरज वाटली नव्हती, पण बातम्या वाचणाऱ्यांना हेच सर्वाधिक लागतं.

‘अ व्हिफ ऑफ स्कँडल’ म्हणजे भानगडीची पुसट कुणकुण. ‘इट रीक्स ऑफ करप्शन’ म्हणजे भ्रष्टाचार लपवताही येत नाही इतका उघड. ‘द होल डील स्टिंक्स’ म्हणजे हा व्यवहारच अन्याय्य आहे. यात पुराव्यापेक्षा बोलणाऱ्याचा राग जास्त. ‘समथिंग स्मेल्स फिशी’ मध्ये नुसता संशय. आरोप एकच आणि चार शब्दांत त्याचं वजन चार प्रकारचं. व्हिफ लिहिणारा लेखक सावध आहे, रीक लिहिणाऱ्याने निकाल दिलेला आहे. हे ज्याला कळत नाही त्याला दोन बातम्यांतला फरक कळत नाही, आणि म्हणून या पत्त्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला याचं मला समाधान आहे.

वासाचे गुण इथेही टिकून राहतात. व्हिफ इथेही क्षणभराचा, रीक इथेही भपकाऱ्यासारखा, आणि पुढे ‘ऑफ’ घेऊनच येणारा. त्यामुळे नवे पत्ते केले नाहीत. त्याच पत्त्याच्या खालच्या भागात एकेक वाक्य वाढवलं.

२ जुलै

पत्त्यांवर शब्दांचा इतिहास घातला होता, तो मागच्या बाजूला हलवला. जुन्या इंग्रजीत स्टिंकचा पूर्वज कोणत्याही वासाला चालायचा, अगदी चांगल्यासुद्धा. रीकचा मूळ अर्थ धूर सोडणे; धुराने काळवंडलेल्या एडिंबराला ‘ऑल्ड रीकी’ हे टोपणनाव त्यावरूनच. परफ्यूममध्येही धूर आहे, लॅटिन ‘पेर फूमुम’, धुरातून. एकाच धुरातून निघून एक शब्द भपकाऱ्याकडे गेला आणि दुसरा अत्तराकडे. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणूनच ती पुढच्या बाजूला ठेवली होती. विद्यार्थ्यांना गोष्टी पाठ झाल्या आणि वाक्यं तशीच चुकत राहिली. जुना अर्थ लक्षात राहिला की आजचा वापर झाकला जातो.

६ जुलै

फ्रेग्रन्सच्या पत्त्यावर एक भर, आणि ही महत्त्वाची आहे. साबण-क्रीमच्या वेष्टनांवर ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रेग्रन्स-फ्री’ असे दोन शब्द असतात. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, खुलाशानुसार फ्रेग्रन्स-फ्री म्हणजे त्यात सुगंधी द्रव्य किंवा वास झाकणारं द्रव्य वापरलेलं नाही. अनसेंटेड वस्तूत मात्र इतर घटकांचा वास दाबण्यासाठी रसायन असू शकतं. नाकाला दोन्हींचा वास येत नाही, पण ज्याच्या त्वचेला सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी फरक मोठा आहे. दोन समानार्थी शब्दांतला फरक कशासाठी शिकायचा, असं विचारणाऱ्याला मी आता हा पत्ता देतो.

९ जुलै

आताचा पत्ता असा: वर शब्द आणि भूमिकेची खूण. खाली दोन वाक्यं, एक चालणारं आणि एक खटकणारं. खटकणाऱ्या वाक्यावर लाल फुली. त्याखाली संगतीचे तीन-चार शब्द. मराठी शब्द नेमका असेल तरच. सर्वांत खाली लाक्षणिक वाक्य. मागे इतिहास, ज्याला हवा त्याच्यासाठी.

खटकणारं वाक्य आधी नव्हतं, ते शेवटी घातलं आणि सगळ्यात जास्त काम तेच करतं. ‘द स्टेंच ऑफ रोझेस’ हे वाक्य वाचताना विद्यार्थी थबकतात आणि का थबकलो ते स्वतःच सांगायला लागतात.

राहिलेलं काम: मस्टी, स्टेल, रँसिड, अॅक्रिड, पंजंट या विशेषणांचा वेगळा गट. मस्टीला ‘कुबट’ आणि रँसिडला ‘खवट’ लगेच बसले. स्टेल अडलाय. शिळा पाव आणि बंद खोलीतली हवा, दोन्हींना इंग्रजीत तोच शब्द, आणि मराठीत एकाला ‘शिळा’, दुसरीला ‘कोंदट’. या पत्त्यावर बहुधा मराठीची जागा रिकामीच राहील. वाक्यं गोळा करायला उद्यापासून सुरुवात.